पाच सेकंद

सकाळी आठला ला लिनेआहून निघते.
पासपोर्ट दाखवायचा, कुणी पाहत नाही,
मग विमानांची धावपट्टी चालत ओलांडायची.
हो, धावपट्टीच.
डाव्या टोकाला समुद्र, उजव्या टोकाला समुद्र,
समोर जिब्राल्टरचा खडक, डोक्यावर ढगाची ओली टोपी.
वर माकडं, खाली आम्ही.
हा विनोद मीच करून टाकते,
दुसऱ्या कुणी करायच्या आत.

चौथ्या मजल्यावर कॉफी फुकट, केळी फुकट,
सोमवारी खांदे चोळून द्यायला एक बाई येते.
माझं काम विचाराल, तर पाच सेकंद.
म्हणजे असं, की सामना चालू आहे,
कुणीतरी कुठेतरी "लाव" म्हणून बोट टेकवतं
आणि मी ते बोट धरून ठेवते.
पडद्यावर एक गोल फिरत राहतो.
तेवढ्यात मैदानात गोल झाला तर पैज नाकारली.
नाही झाला, तर घेतली.
आईला इतकंच माहीत आहे: कंप्युटरचं काम.

येताना वाटलं होतं, आवाज असेल.
नाणी, घंटा, कुणाचा आरडाओरडा.
इथे एसीची घरघर
आणि कॅलम, जो कीबोर्डवर भाजी चिरतो.
"पैसा" कुणी म्हणत नाही, उलाढाल म्हणतात.
"माणूस" म्हणत नाही, खातं.
जिंकणाऱ्या खात्याला मर्यादा,
हरणाऱ्या खात्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, नावानिशी.
त्या मशीन पाठवतं,
पण वाक्यं आमच्या जोएलची आहेत,
आणि खरं सांगायचं तर छान आहेत.

फेब्रुवारीत रात्रपाळी होती.
चेकियातलं टेबल टेनिस.
एका हॉलमध्ये अनोळखी दोन पुरुष, प्रेक्षक शून्य,
चेंडूची टकटक, रात्रीचे तीन.
नोंदींच्या रांगेत एक खातं सारखं वर येत होतं,
शेवटचे आकडे चार-चार-सात-एक.
पाच पौंड. पाच पौंड. पाच. दहा.
मग वीस मिनिटं काहीच नाही,
मला वाटलं, झोपला.
मग चाळीस.

आमच्याकडे एक गणित आहे, घसरणारा माणूस ओळखणारं.
त्याचा अंक होता एकाहत्तर.
पंच्याहत्तरला आम्ही विचारतो, सगळं ठीक आहे ना?
एकाहत्तरला विचारत नाही.
शाळेत मी एकदा दोन मार्कांनी नापास झाले होते,
आई बाईंच्या घरी भांडायला गेली होती, चपला न घालता.

त्याच्या प्रत्येक पैजेला माझे पाच सेकंद.
गोल फिरतोय, तो बघतोय,
मी बघतेय, त्याला न दिसता.
त्या पाच सेकंदांत
तो अजून हरलेला नसायचा.
चार वाजून बारा मिनिटांनी थांबला.
का, ते नोंदीत नसतं.

एप्रिलमध्ये सहज शोधलं. खातं बंद.
कारणाच्या रकान्यात आकडा, सात.
यादी काढून साताचा अर्थ पाहिला.
"इतर."

फेर्मिनमामाचा ठेला सीमेला लागूनच आहे.
अंधांच्या लॉटरीची तिकिटं छातीवर चिमट्यांनी लावलेली,
तीस वर्षं झाली.
गिऱ्हाईक पावलांवरून ओळखतो,
मला तर म्हणे ठेच लागण्याच्या पद्धतीवरून.
दर शुक्रवारी एक तिकीट घेते, रीत म्हणून,
आजवर कधी लागलं नाही.
त्या शुक्रवारी म्हटलं, "दोन दे."
मामाचा हात तिकिटांवर थांबला.
फार वेळ नाही. मी मोजत होते, सवय.
मग त्याने एकच फाडलं,
आकडा बोटांनी वाचून दाखवला,
उरलेली नाणी माझ्या तळहातावर एकेक ठेवली
आणि म्हणाला,
"आईला सांग, रविवारी येतो. मासे मी आणतो."